व्हिडिओ निर्मितीचा कार्यानुभव: चित्रीकरणस्थळी आणि संपादनाच्या टेबलावर प्रत्यक्ष काम कसे शिकावे

व्हिडिओ निर्मिती करणाऱ्या एखाद्या लहान संस्थेत कार्यानुभवासाठी रुजू झालेल्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्या दिवशी कॅमेरा येत नाही, केबलचे भेंडोळे येते. पुष्कळ जण तिथेच हिरमुसतात आणि उरलेला महिना कोपऱ्यात मोबाइल पाहत काढतात. पुण्यात एरंडवण्यातील एका छोट्या कार्यालयात मी शिकाऊ म्हणून दाखल झालो तेव्हा माझीही तीच गत झाली होती. आता माझ्याकडे दरवर्षी दोन-तीन विद्यार्थी येतात आणि त्यांना मी जे सांगतो, तेच येथे क्रमाने मांडतो आहे. एक गोष्ट आधीच समजून घेतलेली बरी. कामाच्या ठिकाणी शिकवणे हे कोणाचेही नेमून दिलेले काम नसते. दिग्दर्शकाला ऊन उतरण्याआधी चार शॉट संपवायचे असतात आणि संपादकाला रात्री ग्राहकाकडे फाइल पाठवायची असते. त्यामुळे ज्याच्यावर एखादे काम निर्धास्तपणे सोपवता येते, त्याच्याच वाट्याला त्यापुढचे काम येते.

या शहरात ही पद्धत नवी नाही. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली, तेव्हा तिच्या संस्थापकांपैकी कोणीही चित्रपटाचे शिक्षण देणाऱ्या शाळेत गेलेला नव्हता. विष्णुपंत दामले यांनी बाबूराव पेंटरांच्या हाताखाली पडदे रंगवण्यापासून सुरुवात केली आणि पुढे प्रभातच्या ध्वनिमुद्रणाची जबाबदारी सांभाळली. त्याच प्रभातच्या आवारात १९६० मध्ये आजची एफटीआयआय, म्हणजे चित्रपटाचे शिक्षण देणारी सरकारी संस्था, सुरू झाली.

रुजू होण्यापूर्वी

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कार्यानुभवाला चार श्रेयांक दिले जातात. एका श्रेयांकाला ३० तास धरले तर त्याचे १२० तास होतात. हे तास कोण मोजणार, हजेरीवर सही कोणाची चालेल आणि अहवाल कोणत्या नमुन्यात हवा, हे महाविद्यालयाकडून आधीच लेखी घ्यावे. संस्थेकडून मिळणाऱ्या पत्रात कामाचे स्वरूप, कालावधी, मानधन असल्यास त्याची रक्कम, प्रवास व जेवणाचा खर्च आणि रात्री उशिरा पॅकअप झाल्यास घरी सोडण्याची व्यवस्था, एवढे मुद्दे असावेत. मानधन मिळणार नसेल तर तेही पत्रात लिहिलेले असावे, म्हणजे महिनाअखेरीस कोणालाही अवघडल्यासारखे होत नाही.

दोन कायदेशीर बाबी ठाऊक असायला हव्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीच्या किंवा शिकाऊ उमेदवारीच्या कराराखाली कामाचा भाग म्हणून जे तयार होते, त्याचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा असतो. म्हणजे तुम्ही स्वतः टिपलेला शॉटही तुमच्या शोरीलमध्ये, म्हणजे स्वतःच्या निवडक कामाच्या चित्रफितीत, परवानगीशिवाय घालता येत नाही. ही परवानगी कोणत्या टप्प्यावर मिळेल, हे सुरुवातीलाच विचारून ठेवावे. दुसरी बाब अशी, की कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ उमेदवारांनाही लागू आहे. जिथे दहा किंवा अधिक जण काम करतात तिथे अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. त्याहून लहान संस्थेबाबतची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. व्हिडिओ निर्मितीच्या बहुतेक संस्था लहानच असतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

पहिला आठवडा: सामानाशी ओळख

पहिल्या आठवड्याचे उद्दिष्ट एवढेच ठेवावे, की कार्यालयातील प्रत्येक वस्तूचे नाव, तिची जागा आणि तिची बॅटरी तुम्हाला अंधारातही सापडली पाहिजे. केबल कोपरावर गुंडाळू नये. आतल्या तारांना पीळ असतो, कोपरावर गुंडाळल्याने तो प्रत्येक वेळी वाढत जातो आणि काही महिन्यांत माइकमध्ये खरखर सुरू होते. एक वेढा सरळ आणि पुढचा उलटा, अशा रीतीने गुंडाळलेली केबल जमिनीवर फेकली तरी गाठ न पडता सुटते. हे हाताला बसायला दोन दिवस लागतात. दिवे सांभाळणारे लाइट दादा तुमच्याशी पुढे कसे वागणार, हे बरेचदा याच दोन दिवसांत ठरते.

सी-स्टँड, म्हणजे दिवे वगैरे धरून ठेवणारा तीन पायांचा स्टँड, उभा करताना त्याचा सर्वांत उंच पाय वजनाच्या बाजूला यावा आणि त्यावर वाळूची पिशवी ठेवावी. तापलेल्या दिव्याला हातमोज्याशिवाय हात लावू नये. सामानाची यादी तयार करून प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक त्यात लिहावा. ही यादी कंटाळवाणी वाटते खरी, परंतु चाकण किंवा भोसरीच्या कारखान्यात चित्रीकरणाला जाल तेव्हा तिचे मोल कळते. तिथे फाटकावर कॅमेरा, लेन्स आणि लॅपटॉपची अनुक्रमांकासह नोंद करून घेतात, आणि आत नेताना जे लिहिले नाही ते बाहेर काढताना तासभर अडकून पडते. कारखान्यात पुढून बंद असलेले बूटही लागतात. चपला घालून आलेल्या शिकाऊला दिवसभर फाटकाबाहेरच्या टपरीवर बसावे लागल्याचे मी पाहिले आहे.

रेकीला जाताना

रेकीला, म्हणजे चित्रीकरणाच्या जागेच्या आधीच्या पाहणीला, नेण्याची विनंती स्वतःहून करावी, कारण एका दिवसात एवढे शिकायला दुसरीकडे क्वचितच मिळते. चित्रीकरणाच्या वेळेलाच तिथे जावे, निदान त्या वेळी तिथे काय चालते याची चौकशी करावी. सकाळी अकराला शांत वाटलेली सदाशिव पेठेतील खोली संध्याकाळी सहाला शेजारच्या तबल्याच्या वर्गाने दणाणून जाते. खिडक्यांची दिशा, ऊन येण्याची वेळ, सामान चढवण्याचा जिना आणि गाडी लावण्याची जागा लिहून घ्यावी.

विजेचा हिशेब मात्र शिकाऊनेच करावा, म्हणजे तो कायमचा लक्षात राहतो. आपल्याकडे २३० व्होल्टचा पुरवठा असतो. पाच अँपिअरच्या साध्या सॉकेटवर सुमारे ११५० वॅट आणि पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर साधारण ३४५० वॅट ही कमाल मर्यादा झाली. प्रत्यक्षात त्याच्या बरेच खाली राहावे. त्यामुळे ३०० वॅटचे दोन एलईडी दिवे आणि चार्जर एका साध्या सॉकेटवर चालतील, पण त्याच फळीवर कोणी चहाची इलेक्ट्रिक किटली लावली की सगळे अंधारात जाते. पुण्यात महावितरणची देखभालीची कामे बहुधा गुरुवारी असतात, म्हणून तारीख ठरवताना गुरुवार आल्यास त्या भागात वीज बंद राहणार आहे का, हे विचारून घ्यावे.

परवानग्यांची चौकशीही याच टप्प्यावर होते. शनिवारवाडा आणि आगाखान पॅलेस या केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तू असल्याने तिथे ट्रायपॉड लावून व्यावसायिक चित्रीकरण करण्यासाठी खात्याची परवानगी लागते. ड्रोनच्या बाबतीत शिकाऊने उत्साह आवरावा. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा तळही आहे, खडकवासल्याला एनडीए आहे, आणि २०२१ च्या नियमांनुसार व्यावसायिक कामासाठी २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन उडवणाऱ्याकडे प्रमाणपत्र असावे लागते. कोणी रिमोट हातात देऊन ‘जरा उडवून बघ’ म्हणाले तरी नम्रपणे नकार द्यावा.

चित्रीकरणाचा दिवस

कॉलशीटवर, म्हणजे कोणी कधी कुठे पोहोचायचे याच्या कागदावर, सातची वेळ असेल तर पावणेसातला पोहोचावे. आपला मोबाइल फ्लाइट मोडवर टाकावा, कारण त्याचा त्रास घंटीच्या आवाजापुरता नसतो. जवळ ठेवलेला फोन माइकच्या ध्वनीत गुणगुण आणू शकतो. दिग्दर्शक ‘साउंड’ म्हणाला की ‘कट’ ऐकू येईपर्यंत हालचाल करू नये आणि प्रश्न तर मुळीच विचारू नये. प्रश्नांसाठी खिशात छोटी वही ठेवावी. चहाच्या वेळी किंवा परतताना टेम्पोत विचारलेल्या प्रश्नाला सविस्तर उत्तर मिळते. लाइट बदलत असताना विचारलेल्या त्याच प्रश्नाला नुसती नजर मिळते. कोणाला विचारावे, हेही महत्त्वाचे आहे. थर्माकोलवरून उजेड परतवून चेहऱ्यावर कसा टाकायचा हे दिग्दर्शकापेक्षा वीस वर्षे तेच काम करणारे लाइट दादा अधिक नेमके सांगतात, आणि ‘दादा, तो उजेड अडवणारा कटर तिथे का लावला?’ असे विचारणारा शिकाऊ त्यांना सहसा आवडतो.

कॅमेऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट कारणासह समजून घ्यावी. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, म्हणजे साध्या दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. म्हणून आपण सेकंदाला २५ फ्रेम आणि एक पन्नासांश सेकंदाचा शटर ठेवतो. चित्रपटासारखे दिसावे म्हणून २४ फ्रेमचा हट्ट धरला, तर ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसू शकतात. स्वस्त एलईडी दिव्यांची लुकलुक मात्र वेगळ्याच वेगाची असते, म्हणून दहा सेकंद चित्रित करून मोठ्या पडद्यावर पाहिल्याशिवाय काम सुरू करू नये. पिवळ्या बल्बचा उजेड साधारण ३२०० केल्विन आणि दिवसाचा ५६०० केल्विन असतो. एकाच चौकटीत दोन्ही असतील तर आधी एक दिवा बंद करता येतो का ते पाहावे, मग कॅमेऱ्याची बटणे फिरवावीत.

ध्वनीची जबाबदारी मागून घ्यावी

सर्वांना कॅमेरा हवा असतो आणि ध्वनीकडे कोणी फिरकत नाही, त्यामुळे शिकाऊला सर्वांत लवकर खरी जबाबदारी मिळते ती इथेच. हेडफोन कानावरून काढायचा नाही, हा पहिला नियम. आवाजाचा काटा बोलण्याच्या शिखरावर उणे १२ डेसिबलच्या आसपास असावा आणि शून्याला कधीही लागू नये, कारण डिजिटल ध्वनी एकदा फाटला की पुढे शिवता येत नाही. नोंदणी ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर ठेवावी.

घरात मुलाखत असेल तर पंखा, एसी आणि फ्रिज बंद करावा लागतो. फ्रिज बंद करताना आपल्या दुचाकीची किल्ली त्यात ठेवावी. निघताना किल्ली शोधू लागलात की फ्रिज सुरू करण्याची आठवण आपोआप होते. ही जुन्या ध्वनिमुद्रकांची युक्ती आहे आणि तिने कित्येक घरांतले दूध वाचवले आहे. मुलाखत संपल्यावर सर्वांना गप्प बसवून त्या खोलीची शांतता अर्धा मिनिट नोंदवून घ्यावी. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि संपादनात दोन वाक्यांमधला खोकला कापल्यावर तिथे तीच शांतता भरावी लागते.

कॉलर माइक हनुवटीखाली साधारण एक वीत अंतरावर लागतो. मंगळसूत्र, मोत्यांची माळ आणि कडक सुती साडी हे त्याचे तीन शत्रू आहेत. पहिल्या दोघांचा टणटण आवाज येतो आणि तिसरीची सळसळ. माइक लावण्यासाठी कोणाच्याही अंगाला विचारल्याशिवाय हात लावू नये. ‘आजी, ही वायर पदराच्या आतून घ्यायची आहे, तुम्हीच घेता का? चिमटा कुठे लावायचा ते मी दाखवतो,’ असे म्हटले की काम सोपे होते आणि आजीही सैलावतात. नाव आणि हुद्दा प्रत्येकाकडून त्यांच्याच हस्ताक्षरात कागदावर लिहून घ्यावा. नावातील ऱ्हस्व-दीर्घ चुकलेली पट्टी पडद्यावर गेली, तर बाकीची फिल्म कितीही उत्तम असली तरी तो माणूस तेवढेच लक्षात ठेवतो.

कार्ड आणि प्रती

या विभागात मी अधिक वेळ घेणार आहे, कारण माझी स्वतःची सर्वांत मोठी चूक येथेच झाली. मुळशीजवळच्या एका चित्रीकरणात भरलेले आणि रिकामे अशी दोन सारखी कार्डे मी एकाच खिशात ठेवली आणि दुपारी त्यांतले भरलेले फॉरमॅट केले. सकाळी टिपलेले धुक्याचे शॉट गेले. शिव्या कोणी दिल्या नाहीत. परतताना गाडीत कोणीही बोलले नाही, ते अधिक जड गेले. सुदैवाने एका ज्येष्ठ सहकाऱ्याने त्या कार्डावर पुढे काहीही चित्रित करू दिले नाही. साध्या फॉरमॅटमध्ये बहुधा फक्त अनुक्रमणिका पुसली जाते आणि मूळ माहिती तशीच पडून असते, त्यामुळे रात्री सॉफ्टवेअर वापरून बराचसा भाग परत मिळाला.

तेव्हापासून मी पाळतो तो क्रम असा. भरलेले कार्ड कॅमेऱ्यातून निघताच त्यावर चिकटपट्टी लावून, तारीख व क्रमांक लिहून ते वेगळ्या डबीत जाते. रिकाम्या कार्डांची डबी दुसऱ्या माणसाकडे असते. फॉरमॅट फक्त एकाच ठरलेल्या व्यक्तीने, दोन प्रती झाल्याचे स्वतः पाहिल्यावर, कॅमेऱ्यातच करायचे, लॅपटॉपवर नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक वेगळ्या जागी, हा सर्वमान्य नियम आहे. चित्रीकरणस्थळी तिसरी प्रत शक्य नसते, पण दोन ड्राइव्ह एकाच पिशवीत घालून एकाच गाडीतून पाठवू नयेत, एवढे तरी नक्कीच जमते. प्रत झाली की फाइलींची संख्या आणि एकूण आकार मूळ कार्डाशी ताडून पाहावा, पहिली, मधली आणि शेवटची क्लिप उघडून चालवावी, आणि कार्यालयात चेकसम तपासणारे, म्हणजे प्रत मूळ फाइलशी तंतोतंत जुळते का हे ताडणारे, सॉफ्टवेअर असेल तर प्रत त्यातूनच करावी.

जागेचा हिशेब तोंडी करता आला पाहिजे. कॅमेरा १०० मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने नोंद करत असेल तर आठने भागून साडेबारा मेगाबाइट होतात, म्हणजे मिनिटाला ७५० मेगाबाइट आणि तासाला ४५ गिगाबाइट. १२८ गिगाबाइटच्या कार्डावर पावणेतीन तास मावतात. ‘अजून किती वेळ आहे?’ या प्रश्नाला आकडा सांगणाऱ्या शिकाऊकडे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागतात.

संपादनाच्या टेबलावर

चित्रीकरण शिकण्याची खरी जागा संपादनाचे टेबल आहे, असे माझे ठाम मत आहे. मुलाखतींची टाइमकोडसह, म्हणजे कोणते वाक्य कितव्या मिनिट-सेकंदाला आले यासह, नोंद करण्याचे काम कोणालाच नको असते. ते मागून घ्यावे. चाळीस मिनिटांची मुलाखत उतरवायला तीन-चार तास लागतात, पण त्या तासांत कळते की विचारणाऱ्याने उत्तर संपण्याआधी ‘हं, बरोबर’ म्हणून किती चांगली वाक्ये निकामी केली, कॅमेरा दोन सेकंद आधी थांबल्याने कापायला जागा कशी उरली नाही, आणि हातांचे, कपाटाचे किंवा अंगणाचे जोडशॉट नसल्यामुळे संपादक कसा अडला. पुढच्या चित्रीकरणात हे कोणी सांगावे लागत नाही.

संपादकाच्या शेजारी बसताना त्याच्या कळफलकाकडे पाहण्यापेक्षा त्याने काय टाकून दिले ते पाहावे आणि काम थांबल्यावर त्याचे कारण विचारावे. घरी सरावासाठी दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरेशी आहे. संगणक जड फाइलींवर अडखळत असेल तर प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती, करून काम करावे. फोल्डरांची नावे संस्थेच्या पद्धतीनेच ठेवावीत. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘खरेच फायनल’ या नावांनी माणसे रडकुंडीला आलेली मी पाहिली आहेत.

मराठी विद्यार्थ्याला एक जागा जवळजवळ राखीव असते. ग्राहक जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये मजकूर पाठवतात आणि तो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये गेल्यावर अगम्य चिन्हांचा ढीग होतो. कधी वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, कधी जोडाक्षर फुटते. मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टंकित करणे, सॉफ्टवेअरमधील लिपीची मांडणी दक्षिण आशियाई लिपींसाठी बदलणे आणि उपशीर्षकांचे मुद्रितशोधन करणे, हे काम नीट येणारा माणूस प्रत्येक कार्यालयाला हवा असतो आणि तो सहजासहजी मिळत नाही.

रोजची वही आणि स्वतःचा सराव

रात्री झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटे लिहावे: आज मी काय केले, दुसऱ्याला करताना काय पाहिले, काय बिघडले आणि त्यात किती वेळ गेला, उद्या कोणाला काय विचारायचे. बिघडलेल्या गोष्टींचा रकाना सर्वांत उपयोगी पडतो, आणि महाविद्यालयाचा अहवालही त्यातूनच निम्मा तयार होतो. ग्राहकाचे नाव, किंमत आणि अप्रकाशित उत्पादनाची माहिती मात्र अहवालात किंवा इन्स्टाग्रामवर जाऊ देऊ नये.

तिसऱ्या आठवड्यापासून सुट्टीच्या दिवशी स्वतःची दोन मिनिटांची फिल्म करायला घ्यावी, भले ती मोबाइलवर असो. मी बहुतेकांना कसबा पेठेतील तांबट आळीत पाठवतो. तांब्याच्या भांड्यावर पडणाऱ्या हातोडीमुळे ध्वनीचा काटा क्षणात शून्याला भिडतो आणि लगेच शांत होतो, उजेड दारातून एकाच बाजूने येतो, आणि काम करणारा माणूस तुमच्यासाठी थांबत नाही. कारागिराची परवानगी घेऊन आधी अर्धा तास नुसते बसावे, मग कॅमेरा काढावा. तयार झालेली फिल्म कार्यालयातील संपादकाला दाखवावी आणि तो बोलत असताना समर्थन न करता लिहून घ्यावे.

निरोप घेताना

शेवटच्या आठवड्यात प्रमाणपत्राची आठवण करून द्यावी आणि त्यात केवळ कालावधी न लिहिता प्रत्यक्ष केलेली कामे, म्हणजे ध्वनिमुद्रण, प्रती करणे, मुलाखतींची नोंद, उपशीर्षके, नमूद करण्याची विनंती करावी. शोरीलसाठी हव्या असलेल्या शॉटची यादी ईमेलने पाठवून लेखी होकार घ्यावा. स्वतःच्या लॅपटॉपवर राहिलेल्या संस्थेच्या फाइली सांगून पुसाव्यात. ड्राइव्ह, कार्ड रीडर, ओळखपत्र आणि कार्यालयाची किल्ली यादीप्रमाणे परत करून त्या यादीवर सही घ्यावी, आणि जाण्यापूर्वी लाइट दादांचा फोन नंबर मागून घ्यावा.